पेन्सिलीखालचा गाल

६ जानेवारी

चि. बारकीस,

आशीर्वाद तू मागितलेले नाहीस, तरी पाठवतो. ते परत करता येत नाहीत, एवढाच त्यांचा फायदा.

नऊ वर्षांनी पाकिटावर तुझं अक्षर आणि खाली माझं नाव पाहिलं. तुझ्या आईने ते माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "बघा बरं, चुकून तर नाही ना आलं?" दर रविवारी शेजारच्यांच्या फोनवर तू तिच्याशी बोलतेस तेव्हा मी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालतो. कुंड्या दोन, पाणी अर्धा तास. एव्हाना सगळ्या इमारतीला कळलंय की हा म्हातारा फोन संपायची वाट बघतो.

तुझं पत्र मोजून सहा ओळींचं. नवीन डॉक्टरीणबाई भेटल्या आहेत. वीस फेब्रुवारीला गालावर काम करायचं आहे, खड्ड्यांखाली सुई घालून चिकटलेली कातडी सोडवायची आणि वर कसलासा लेप. त्याआधी त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत : अठ्ठाविसाव्या वर्षापासून मी तुला जे मलम देत होतो ते कोणतं, आणि त्या काळातले तुझ्या चेहऱ्याचे फोटो. मलमाने कातडी पातळ झाली असेल तर लेप भाजेल, असं त्या म्हणतात.

बरोबर ते छापील पत्रक कशाला घातलंस, बाळ? मी चहा घेऊन बसलो होतो. उघडलं तर जवळून घेतलेले गालच गाल. पिवळ्या टोकांच्या पुळ्या, लालबुंद गाठी, काही खड्डे सुईने टोचल्यासारखे अरुंद, काही ओल्या मातीत बोट रुतावं तसे पसरट. फोटो काढणाऱ्याने उजेड बाजूने टाकलाय, म्हणजे प्रत्येक उंचवट्याची सावली पडावी. निर्लज्ज उजेड. तेवढ्यात चहावर साय धरली होती. कपाला हात लावला तर ती सुरकुतली, आणि मी कप मोरीत ओतला. दुपारी ताटावरूनही उठलो.

आमच्या कवितेच्या मास्तरांनी आम्हाला जे जग शिकवलं त्यात गाल म्हणजे पाकळी. फार तर तिच्यावर दवाचा एखादा थेंब. मास्तर डोळे मिटून ओळ म्हणायचे, आम्ही चाळीस मुलं त्यांच्यामागून, आणि खिडकीतल्या उन्हात खडूची धूळ अशी तरंगायची की ओळीतलं चांदणं वर्गात उतरलंय असं वाटावं. साठ वर्षं झाली, अजून एकेक कविता चालीसकट पाठ आहे. त्या जगात पू नव्हता.

असो. मलमाचं म्हणशील तर ते साधं घरगुती होतं. जस्ताची भुकटी, गुलाबपाणी, असंच काहीबाही. मीच घोटायचो. डॉक्टरीणबाईंना सांग, काळजीचं कारण नाही.

फोटो तीन पाठवतोय. तिन्ही माझ्या हातचे. जपून ने, कोपरे दुमडू देऊ नकोस.

आई म्हणते, तेलकट कमी खा.

तुझा,
अण्णा


१९ जानेवारी

चि. बारकीस,

तिन्ही फोटो परत मिळाले. कोपरे दुमडलेले नाहीत, त्याबद्दल आभारी आहे. चिठ्ठीही मिळाली. तू लिहितेस :

"डॉक्टरीणबाईंनी तिन्ही फोटो पाहिले आणि विचारलं, ह्या कोण? मी म्हटलं, ही माझ्या वडिलांची मुलगी. अण्णा, मला माझे फोटो हवे आहेत. आणि कविता नकोत. औषधाचं नाव हवं."

हे वाक्य मी तुझ्या आईला वाचून दाखवलं. मला वाटलं ती माझी बाजू घेईल. ती म्हणाली, "तुमच्यासारखीच बोलते. फक्त थोडक्यात."

मला राग आला, तो लपवत नाही. अडतीस वर्षं मी त्या स्टुडिओत उत्तरेच्या खिडकीशी बसलो. तू लहानपणी माझ्या डेस्कखाली बसायचीस, तुला ठाऊक आहे मी काय करायचो. निगेटिव्हवर कापसाने औषध चोळायचं, म्हणजे पेन्सिल धरते. मग सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल घेऊन भिंगाखाली एकेका पुटकुळीवर, एकेका वणावर स्वल्पविरामाएवढ्या रेघा भरायच्या. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. चेहऱ्यावर जे काळं ते तिथे पारदर्शक. ते भरलं की छापताना उजळ होतं. आणि जे चमकतं, म्हणजे तेलकट नाक, फुगलेल्या गाठीचं टोक, ते तिथे काळं. ते चाकूच्या पात्याने अलगद खरवडायचं. लोक यायचे चेहरे घेऊन आणि जायचे मुखकमलं घेऊन. देवीचे वण मी घालवले, भाजल्याचे डाग घालवले, एका बाईची मिशी घालवली तर तिने आयुष्यभर मला मानलं. यात फसवणूक कसली? शाळेतल्या कवितेत तरी दुसरं काय असतं?

पण तुझ्या बाबतीत मी जास्त केलं, हे मान्य करतो.

रस्त्याच्या एका बाजूला टपाल कचेरी, तिच्या काउंटरवर तू. समोरच्या बाजूला आमचा स्टुडिओ, त्याच्या शोकेसमध्ये तुझा फोटो. दोन हात उंच, मी हाताने रंगवलेला. एकोणतिसाव्या वर्षी तुझ्या चेहऱ्यावर बोट टेकवायला जागा नव्हती, आणि काचेत तू अशी की लोक थांबून बघायचे. मला वाटायचं, पोरीला धीर येईल. आपण मुळात अशा आहोत, हे तिला रोज समोर दिसेल.

मग तो तिकिटं घ्यायला आलेला माणूस. तूच घरी येऊन सांगितलंस, चपला काढता काढता, अगदी साध्या आवाजात. तो म्हणाला, "समोर काचेत आहे ती तुमची धाकटी बहीण का हो? काय करते ती?"

"मग तू काय म्हणालीस?" आईने विचारलं.

"म्हटलं, ती गेली."

महिन्याभरात तू दुसऱ्या गावी बदली मागून घेतलीस. काउंटर नको, पत्रं छाटायच्या खोलीत द्या, जिथे कुणी तोंड बघत नाही. माझी ही पाकिटंही कदाचित तुझ्याच हातून छाटली जात असतील. एखादं तू खुशाल चुकीच्या खणात टाकशील, मी तक्रार करणार नाही.

तू विचारलंस म्हणून सांगतो : हो, तो फोटो अजून तिथेच आहे. स्टुडिओ आता दुसऱ्याने घेतलाय, सगळं कॉम्प्युटरवर. फोटो ठेवलाय, कारण "काका, जुनं दिसलं की गिऱ्हाईक थांबतं." मी रोज सकाळी दूध आणायला त्या रस्त्याने जातो. डेअरी दुसऱ्या रस्त्याला आहे.

आता मलम. मागच्या पत्रात मी घरगुती लिहिलं, ते पूर्ण खरं नव्हतं. आमच्या जिन्याखालच्या दवाखान्यातला कंपाउंडर आठवतो? नखांत कायम काहीतरी पांढरं अडकलेलं असायचं, त्याच बोटांनी गोळ्या मोजायचा आणि त्याच बोटांनी कान कोरायचा. त्याच्याकडे बघून मला शिसारी यायची. मलम त्याने दिलं. पांढऱ्या डबीत भरून. वर नाव नव्हतं. तो आता कुठे आहे, आहे की नाही, देव जाणे. तेव्हा नाव कळणं कठीण. सगळं पाप त्या घाणेरड्या माणसाचं, त्याला मी काय करू?

अण्णा


३० जानेवारी

बारके,

या खेपेला तुझ्या चार ओळी आल्या. त्या इथे उतरवून काढतो, म्हणजे मला त्यांना बगल देता येणार नाही :

"डबी नव्हती, अण्णा. नळी होती. प्रत्येक नळीवरची अक्षरं खरवडलेली असायची. तुम्ही म्हणायचा, कंपनीचा नमुना आहे, म्हणून कोरी. मी अठ्ठावीस वर्षांची होते, मूर्ख नव्हते. पण तुम्ही माझे वडील होता. त्या नळीवर काय लिहिलं होतं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही नीट वाचल्याशिवाय काही खोडत नाही."

हे पत्र खिशात ठेवून मी तीन दिवस हिंडलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात तर कवितेमुळे आधीपासूनच होतं, त्यामुळे ओळखायला वेळ लागला.

सांगतो.

तो कंपाउंडर म्हणाला होता, "आठ दिवसांत आरसा होईल, बघा. फक्त नळीवरचं वाचत बसू नका, कंपन्या लोकांना घाबरवायला लिहितात." मी नळी डेस्कवर आणली, भिंग लावलं आणि वाचलं. बारीक लाल अक्षरांत तीन ओळी होत्या. केवळ डॉक्टरांच्या सल्ल्याने. चेहऱ्यावर लावू नये. दोन आठवड्यांपेक्षा अधिक वापरू नये.

मी चाकू घेतला. ज्याने निगेटिव्ह खरवडायचो तोच. आधी मधली ओळ काढली. मग एकच ओळ काढलेली वाईट दिसते म्हणून तिन्ही काढल्या. मग नाव काढलं. छान सफाईदार काम झालं. खरवडलेला रंग लाल-पांढऱ्या कोंड्यासारखा माझ्या मांडीवर पडला होता, तो झटकला आणि घरी येऊन तुला म्हणालो, घे, नमुन्याची आहे.

आणि आठव्या दिवशी खरंच आरसा झाला. तू न्हाणीघरात गात होतीस. कितीतरी दिवसांनी. तुझी आई म्हणाली, "अहो, ऐका, गातेय." मला वाटलं मी जगातलं सगळ्यात चांगलं निगेटिव्ह साफ केलं.

थांबवलं की पुन्हा यायचं, दुपटीने. म्हणून पुन्हा आणायचो. एकूण सतरा नळ्या झाल्या. सतरा वेळा तीच ओळ वाचली आणि सतरा वेळा खरवडली. पाचव्या-सहाव्या नळीपासून तुझे गाल पातळ दिसायला लागले, उन्हात गेलीस की भाजल्यासारखे लाल, आतल्या शिरा कोळ्याच्या जाळ्यासारख्या वर आलेल्या. गालांवर लव दाट झाली. मग त्या गाठी, खोल, जांभळ्या, तोंड नसलेल्या. मी बघत होतो. अडतीस वर्षं भिंगातून चेहरेच बघितलेला माणूस, मला काय दिसत नव्हतं? आणि तरी तुझी आई तुला म्हणायची, तेलकट खाऊ नकोस, जागू नकोस, उशीची खोळ बदल, आणि मी जेवता जेवता मान डोलवायचो. तू तेल सोडलंस, साखर सोडलीस, मैत्रिणींकडे जाणं सोडलंस. मी नळी सोडली नाही.

आता दुसरं. ते तुला माहीत आहे, पण मी कधी बोललो नाही.

डाव्या गालावरची ती मोठी गाठ. शोकेसच्या फोटोचा दिवस होता. तू नको म्हणत होतीस आणि मी म्हणालो, थांब, एवढी बसवतो. तुला खिडकीशी उभं केलं, भिंग डोळ्याला लावलं आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबली. तू माझं मनगट धरलंस. मी म्हणालो, झालंच, झालंच. आतून काहीतरी फुटल्याचं मला बोटांना कळलं. आधी रक्त, मग पिवळं, मग दाण्यासारखं घट्ट काहीतरी, आणि तो वास. माझ्या चष्म्याच्या काचेवर एक थेंब उडाला.

मी आधी चष्मा पुसला, बारके. तुझा गाल नंतर.

तिथेच तो खड्डा आहे, ज्याच्याखाली आता सुई घालणार आहेत.

तू मला कधी विचारलं नाहीस की मी हे का केलं. विचारलं असतंस तर म्हणालो असतो, तुझ्यासाठी. लोक नावं ठेवतील म्हणून. हे सगळं साखरेत घोळलेलं खोटं आहे. खरं असं की मला किळस यायची. तुझ्या चेहऱ्याची. माझ्या स्वतःच्या लेकीच्या. जेवताना मी पाट उलट्या बाजूला मांडायला लागलो होतो, खिडकीतून वारा येतो म्हणून. वारा वगैरे काही नव्हता, तुझा डावा गाल समोर यायचा. तू हसलीस की एखादी पुळी ताणली जायची आणि माझा घास तोंडात फिरायचा. बोटं आपोआप पेन्सिल शोधायची.

जगातल्या सगळ्या घाणीला मी नाकं मुरडली. कंपाउंडरच्या नखांना, तुझ्या पत्रकातल्या गालांना, चहावरच्या सायीला. आज मला जी ओकारी येते आहे ती त्यातल्या कशाची नाही. मघाशी दाढी करताना आरशात बघितलं. म्हाताऱ्याचा गुळगुळीत चेहरा. तारुण्यातसुद्धा एक पुळी आली नाही मला कधी. बघवेना. अर्धी दाढी तशीच ठेवून उठलो.

औषधाचं नाव मला आठवतंय. ज्याची सतरा वेळा एकेक अक्षराने कातडी सोलली, ते विसरेन कसं? वेगळ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहून जोडलंय, इंग्रजी स्पेलिंगसकट, खाली किती टक्क्यांचं होतं तेही. स्टेरॉईड होतं, आणि जोरकस. सतरा नळ्या, दीड वर्ष, दिवसातून दोनदा. हे सगळं त्या कागदावर आहे. पत्र डॉक्टरीणबाईंना दाखवायची गरज नाही, पण दाखवलंस तरी चालेल.

उरलेले फोटो पाठवतो. खरे. थोडा वेळ दे.

अण्णा


८ फेब्रुवारी

बारके,

तुझं पत्र आलेलं नाही, आणि यावं अशी अपेक्षाही नाही. तुझ्या आईला तू रविवारी सांगितलंस की कागद पोचला आणि डॉक्टरीणबाईंनी लेप रद्द करून नुसत्या सुईचं काम ठरवलं. "बरं झालं कळलं," असं त्या म्हणाल्या म्हणे. एवढंच मला हवं होतं.

त्या वेळी मी गॅलरीत गेलो नाही. तिच्या शेजारी उभा राहिलो. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "कसला कागद?" मी तिला सगळं सांगितलं, शेजारच्यांच्या जिन्यातच, कारण घरात गेलो असतो तर सांगितलं नसतं. ती कठड्याला धरून उभी होती. म्हणाली, "म्हणजे दहा वर्षं मी पोरीला सांगतेय, तेलकट खाऊ नको."

"हो."

"पहिल्या पत्रातसुद्धा लिहायला लावलं मी तुम्हाला."

"हो."

"आणि तुम्ही लिहिलंत."

मग ती खाली उतरली, पुढे पुढे. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आली, कारण सगळ्या घरात टर्पेंटाइनचा वास भरला होता.

तुझ्या निगेटिव्ह मी विकत घेऊन घरी आणल्या होत्या, स्टुडिओ बदलला तेव्हाच. बत्तीस आहेत, अठ्ठाविसाव्या ते तिसाव्या वर्षापर्यंतच्या. पेन्सिल टर्पेंटाइनने निघते. कापसाचा बोळा भिजवायचा, हलक्या हाताने गोल फिरवायचा. कापूस करडा होतो. माझं सगळं कौशल्य, सगळे ते स्वल्पविराम, बोळ्याबोळ्याने काळपट रेंदा होऊन वाटीत साचलं. नाकातलं काढून ठेवल्यासारखं दिसतं. एकेक गाल धुऊन उजेडावर धरायचा, आणि खालून तू वर यायचीस.

मला वाटलं होतं, पुन्हा किळस येईल. मी तयार होतो, बादली शेजारी ठेवली होती. आली नाही, बारके. बादली कोरडीच राहिली. पुळ्या होत्या, गाठी होत्या, मोजल्या तर एका गालावर एकवीस. पण तो कुणाचा तरी चेहरा होता. वाटीतल्या रेंद्याकडे मात्र बघवत नव्हतं.

"दाखवा," आई म्हणाली. तिने भिंग घेतलं, शोकेसच्या फोटोची निगेटिव्ह खिडकीशी धरली. तिला निगेटिव्ह वाचता येत नाही, सगळं उलटं दिसतं. तरी म्हणाली, "डोळे सुजलेत हिचे."

मी तिच्या हातातून घेतली. खरं होतं. दोन्ही डोळ्यांखाली मी भरपूर काम केलं होतं, ते धुऊन गेलं होतं. त्या दिवशी गाठ दाबल्यावर तू आत जाऊन तोंड धुऊन आलीस आणि स्टुलावर बसलीस. रडून आली होतीस. मी कॅमेऱ्यामागून बघितलं होतं. बघितलं नव्हतं असं मला नऊ वर्षं वाटत होतं, पण पेन्सिलीने कुठे कुठे भरलंय ते बघितल्यावर खोटं बोलायला जागा उरली नाही. आपण ज्यावर रेघा मारतो ते आपल्याला आधी दिसलेलं असतं.

काल शोकेसमधला फोटो काढून आणला. नव्या मालकाने कुरकुर केली. "काका, त्याची जागा मोकळी दिसेल."

"दिसू दे," म्हटलं.

"गिऱ्हाईक विचारतात, कोण आहे ही?"

"तुम्ही काय सांगता?"

"सांगतो, जुनी हिरॉइन." आणि हसला. वाईट माणूस नाही. फ्रेम उतरवायला त्यानेच मदत केली.

घरी आणून मागचा पुठ्ठा काढला तर आत माझ्या अक्षरात दोन ओळी. मी लिहिल्याचं विसरलो होतो. भुजंगप्रयात, एक मात्रा इकडची तिकडे नाही :

नको चंद्र येथे, नको चांदणेही
तुझ्या या मुखाला कुठे डाग नाही

मास्तरांनी शाबासकी दिली असती. आत जखमेत पू, आणि वर चोख वृत्त. तो पुठ्ठा मी फाडून टाकला. फोटो फाडला नाही. तो तुझा नसला तरी तुझ्या नावाने टांगलेला होता, त्याचं काय करायचं ते तू ठरव. भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. आईने त्यावर चादर टाकली. म्हणाली, "तुमच्या हिरॉइनला झोपू द्या."

धुतलेल्या निगेटिव्हवरून फोटो मी नव्या मालकाकडून छापून घेतले. तो म्हणाला, "काका, जरा साफ करून देऊ? दोन मिनिटांचं काम." मी म्हटलं, याला हात लावशील तर याद राख. तो बिचारा घाबरला.

बत्तीस फोटो सोबत आहेत. मागे पेन्सिलीने तारखा आहेत, आणि त्या त्या वेळी कितवी नळी चालू होती ते. पेन्सिलीचा हा माझा शेवटचा उपयोग. डॉक्टरीणबाईंना क्रमाने लावून दाखव, म्हणजे कधी काय बिघडत गेलं ते त्यांना दिसेल. चौदाव्या फोटोपासून शिरा दिसतात. विसाव्यापासून लव.

वीस तारखेला तुझी आई तुझ्याकडे येते आहे. मी तिला गाडीत बसवून देईन. मी येत नाही. तू बोलावलेलं नाहीस, आणि जखमेवर ज्याचे अंगठे फिरले त्याने पट्टीच्या वेळी जवळ नसावं, हे मला आता कळतं. कामानंतर गाल सुजेल, काळानिळा होईल, आठवडाभर बघवणार नाही असा दिसेल, हे तुझ्या पत्रकात लिहिलंय. या वेळी मी ते शेवटपर्यंत वाचलं. तसा असताना एखादा फोटो काढून घे. मला पाठवू नकोस. तुझ्याजवळ असू दे.

एक सांगायचं राहिलं, आणि ते डॉक्टरीणबाईंच्या कामाचं आहे. पेन्सिल धुऊन निघते, चाकूचं काम निघत नाही. जिथे खरवडलं तिथे निगेटिव्हवरचा थरच गेलेला असतो, तो परत येत नाही; छापल्यावर तिथे काळा डाग उमटतो. शेवटच्या, म्हणजे शोकेसच्या फोटोत, डाव्या गालावर, त्या गाठीच्या टोकाशी मुगाच्या दाण्याएवढा तसा एक डाग आहे. त्यांना वाटेल, कातडी तिथे जळलीय. विचारतील तुला, हे कधी झालं म्हणून.

त्यांना सांग, "तो डाग माझ्या गालावर कधीच नव्हता. तो माझ्या वडिलांचा आहे."

अण्णा